जिनिव्हाचें माप आणि जिंतूरचें शेत

अर्थशास्त्र हें पुण्यामुंबईच्या कोटवाल्या लोकांचें काम; त्याच्याशीं कुणब्याला, सुताराला, कुंभाराला काय करायचें आहे, अशी समजूत आमच्या पुष्कळ वाचकांची आहे. ही समजूत कोणी मुद्दाम करून दिली कीं आपोआप झाली, याचा शोध आम्ही आज करीत नाहीं. परंतु ती खोटी आहे आणि तिची किंमत आपण दर हंगामांत मोजतों, एवढें दाखविणें आम्हांस जरूर वाटतें.

२०२५ सालचीच गोष्ट घ्या. परदेशांतून येणाऱ्या कापसावर आपल्या सरकारची ११ टक्के जकात होती. अमेरिकेनें आपल्या देशाच्या मालावर ५० टक्के जकात बसविण्याचें जाहीर केलें, कापड गिरणीवाले अडचणींत आले, आणि त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून १९ ऑगस्टपासून सरकारनें ही ११ टक्के जकात उठविली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. मानवत आणि सेलूच्या बाजारांत आपल्या पहिल्या वेचणीचा कापूस नेमका याच महिन्यांत येतो. भांडण दोन सरकारांचें, अडचण गिरणीवाल्याची, आणि ती निवारण्याचा भार परभणीच्या कापूसवाल्यावर! हा हुकूम कोणा आडत्यानें काढलेला नव्हता. असे हुकूम अर्थशास्त्र जाणणाऱ्यांच्या सल्ल्यानें चालणाऱ्या कचेऱ्यांतून निघतात. मग तीं माणसें कोण, तीं तेथें कशीं पोंचतात, काय शिकून येतात, आणि त्यांनीं लिहिलेल्यापैकीं काय अमलांत येतें व काय कपाटांत राहतें, हें शेतकऱ्यानें जाणूं नये तर कोणीं जाणावें?

याकरितां आम्ही एकाच माणसाची कारकीर्द वाचकांपुढें ठेवतों. ते गृहस्थ म्हणजे डॉ. विजय केळकर. नांव वाचून आमचे कांहीं मित्र भुंवया चढवितील आणि म्हणतील कीं, बहुजनसमाजाच्या पत्रांत या नांवाचें काय काम? त्यांना आमचें उत्तर असें कीं, आडनांवावरून माणूस तोलण्याची चाल ज्यांनीं पाडली त्यांच्याशीं तर आपलें भांडण. तीच चाल आपण धरली तर भांडण कसलें उरलें? माणसाचें काम तोलावें. जें चांगलें तें चांगलें म्हणावें, आणि जेथें आपलें नुकसान दिसेल तेथें मोठेपणाची भीड धरूं नये.

केळकर हे पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकले. पुढें अमेरिकेंत मिनेसोटा व नंतर कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत शिकून त्यांनीं अर्थशास्त्राची डॉक्टर ही पदवी घेतली. परत येऊन त्यांनीं दिल्ली सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत सल्लागाराचीं कामें केलीं. १९९१ ते १९९४ या काळांत ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरीं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेंत आंतरराष्ट्रीय व्यापार विभागाचे संचालक होते. तेथून आल्यावर पेट्रोलियम खात्याचे सचिव, १९९८-९९ मध्यें देशाचे अर्थसचिव, त्यानंतर २००२ पर्यंत आंतरराष्ट्रीय नाणेनिधींत हिंदुस्थान व शेजारच्या कांहीं देशांच्या वतीनें कार्यकारी संचालक, मग अर्थमंत्र्यांचे सल्लागार, आणि पुढें तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष, अशा पायऱ्या ते चढले. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. राज्यकारभार आणि जगाचा व्यापार या दोन्ही ठिकाणीं एवढा वावरलेला दुसरा मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल.

यांतील जिनिव्हाची पायरी आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. ही परिषद १९६४ सालीं निघाली, आणि तिचे पहिले प्रमुख राऊल प्रेबिश हे अर्जेंटिना देशाचे अर्थशास्त्री होते. त्यांचें म्हणणें साध्या भाषेंत असें: जे देश कापूस, कॉफी, तांबें, साखर असा कच्चा माल विकतात आणि यंत्रें व कारखान्याचा माल विकत घेतात, त्यांच्या मालाची किंमत दुसऱ्या बाजूच्या मालाच्या मानानें कालांतरानें घसरत जाते. काल ज्या मापाच्या कापसांत एक यंत्र येत होतें, त्याच यंत्राला आज अधिक कापूस द्यावा लागतो. श्रम तेवढेच, जमीन तेवढीच, पण देवघेवीचें माप उलटें फिरतें. या विचारानें चालणाऱ्या देशांना आपली बाजू मांडायला एक घर हवें होतें, तें ही परिषद. केळकर तेथें होते तेव्हां शेजारीं दुसऱ्या घरांत, म्हणजे गॅट करारांत, उरुग्वे फेरीच्या वाटाघाटी चालल्या होत्या. त्या १९९४ मध्यें मराकेश येथें सह्या होऊन संपल्या, आणि १ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. शेतमालाचा व्यापार या नियमांखालीं खऱ्या अर्थानें आला तो तेव्हांपासून.

आतां हेंच माप जरा घरीं आणा. अर्जेंटिनाच्या जागीं परभणी ठेवा आणि इंग्लंडच्या जागीं मुंबई-पुणें ठेवा. आपण कापूस, सोयाबीन, तूर बाहेर पाठवितों. कापड, औषध, फवाऱ्याचें यंत्र, पोराच्या शिक्षणाची फी हें सारें बाहेरून विकत घेतों. कापूस येथला, पण त्याचें कापड करण्याची मजुरी आणि नफा परमुलखांत. म्हणजे जी गोष्ट देशादेशांत खरी, तीच एका राज्याच्या दोन भागांतही खरी. हें ज्याला जिनिव्हांत कळलें त्याला मराठवाड्यांत कळणें कठीण नव्हतें. तें त्यांना कळलें कीं नाहीं, हें पुढें पाहूं. त्याआधीं त्यांच्या लेखणीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे.

२००२ सालीं करांच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या त्यांच्या कार्यदलानें शेतीच्या उत्पन्नावरही प्राप्तिकर बसवावा, राज्यांनीं तो अधिकार केंद्राला द्यावा आणि वसूल मात्र राज्यांना मिळावा, असें सुचविलें. मोठे लोक आपला दुसरा पैका शेतीचा म्हणून दाखवितात व कर चुकवितात, हें त्यामागचें कारण. कारण खोटें नाहीं. शहरांत धंदा आणि कागदावर शेती असे महाभाग आपणही पाहतों. पण चोर पकडण्याकरितां साऱ्या गांवाची झडती घेण्यासारखा हा उपाय होता. तो अमलांत आला नाहीं, हें बरें झालें.

२०१२ सालीं सरकारच्या जमाखर्चाची तूट कशी भरावी हें सांगण्यास नेमलेल्या समितीचेही तेच अध्यक्ष. त्या समितीनें डिझेल, रॉकेल, गॅस यांवरील सरकारी सूट कमी करावी व युरियाची किंमत वाढवावी असें सुचविलें. सुमारें दोन वर्षांनीं, ऑक्टोबर २०१४ मध्यें, डिझेलची किंमत सरकारी बंधनांतून पुरती मोकळी झाली. ट्रॅक्टर आणि डिझेलचा पंप चालविणाऱ्यास याचा अर्थ आम्हीं सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वस्तु व सेवा कराची, म्हणजे जीएसटीची. देशभर एकच असा कर असावा ही सूचना त्यांच्या २००४ च्या कार्यदलानें मांडली, आणि १ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. कराचे दर ठरविले ते पुढें सरकारांच्या परिषदेनें. त्याचा दोष केळकरांना देणें न्यायाचें नाहीं. पण या कराची घडण मुळांतच कशी आहे, हें कारागिरानें समजून घ्यावें. व्यापारी माल घेतांना जो कर भरतो, तो माल विकतांना वजा करून घेतो. ही सवलत ज्याच्या विकण्याच्या मालावर कर आहे त्यालाच मिळते. आतां आपल्या लोहाराचें पाहा. खुरपें, विळा, कुदळ यांवर कर नाहीं. ऐकायला गोड! पण खुरप्यासाठीं तो जें लोखंड विकत घेतो त्यावर १८ टक्के कर आहे, आणि खुरपें करमुक्त म्हणून तो कर त्याला परत मिळत नाहीं. शेतकऱ्याचें तसेंच. कापूस विकतांना त्याला कर भरावा लागत नाहीं. पण बोंडअळीवर मारायच्या रासायनिक औषधावर १८ टक्के तो भरतो, आणि तो त्याच्याच बोकांडीं राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर कमी करून मुख्य दर ५ आणि १८ असे दोनच ठेवले, ट्रॅक्टरावरचा कर ५ टक्क्यांवर आला, हें खरें. पण ज्याच्या दारांत ट्रॅक्टर नाहीं, फक्त पाठीवरचा फवारा आहे, त्याचें औषध १८ टक्क्यांवरच राहिलें. करमुक्त म्हणून मिरविलेला माणूस असा आंतून कर भरीत असतो.

न्यायाच्या तागडींत दुसरें पारडेंही भरूं. तेराव्या वित्त आयोगानें २०१० ते २०१५ या पांच वर्षांकरितां केंद्राच्या करांतील राज्यांचा वांटा ३०.५ टक्क्यांवरून ३२ टक्के केला, आणि ग्रामपंचायती व नगरपालिका यांना ठराविक रक्कम न देतां केंद्राच्या कराच्या वसुलीच्या प्रमाणांत अनुदान द्यावें असें प्रथमच ठरविलें. वसूल वाढला कीं गांवाचें अनुदान वाढावें, हा विचार चांगला होता. गांवाला भीक नको, वांटा पाहिजे, हें आपलें जुनें म्हणणें त्यांत कांहीं अंशीं आलें.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाच्या राजवटींतून सुटला. १९५३ च्या नागपूर करारांत मागासलेल्या भागांना न्याय्य वांटा देण्याचें वचन दिलें गेलें. १९५६ सालीं आपण कोणतीही अट न घालतां मराठी मुलखांत सामील झालों. अट घातली नाहीं हा आपला मोठेपणा. पण कागद न करतां भावाला शेत देणाऱ्याचें पुढें काय होतें, हें प्रत्येक कुणब्याला ठाऊक आहे. १९८४ सालीं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें अनुशेष मोजला: साऱ्या राज्याचा ३,१८६ कोटी ७७ लाख रुपये, त्यांत मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. तो भरून निघाला नाहीं. १९९४ सालीं घटनेच्या ३७१ व्या कलमाच्या आधारें वैधानिक विकास मंडळें आलीं. पुढें पुन्हां मोजदाद झाली, तेव्हां राज्याचा अनुशेष १४ हजार कोटींवर गेलेला निघाला. मोजणी करीत राहिलें, देणें राहून गेलें, आणि सावकाराच्या व्याजासारखा आंकडा फुगत गेला.

अशा वेळीं २०११ मध्यें राज्य सरकारनें डॉ. केळकर यांच्या अध्यक्षतेखालीं समतोल प्रादेशिक विकासाचा विचार करण्यास उच्चस्तरीय समिती नेमली. तिनें ऑक्टोबर २०१३ मध्यें अहवाल दिला. या अहवालांतील एक गोष्ट आमच्या मतें त्यांच्या साऱ्या कारकिर्दींतील चांगल्या कामांत मोडते. पूर्वी मागासलेपण जिल्ह्यावरून मोजीत. या समितीनें सांगितलें कीं जिल्हा नव्हे, तालुका मोजा.

याचा अर्थ परभणीच्या माणसाला लगेच कळेल. आपल्या जिल्ह्यांत नऊ तालुके. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवतच्या बाजूनें परभणीकडे येतो. उलट जिंतूरचें पाहा. येलदरीचें मोठें धरण जिंतूर तालुक्याच्या हद्दींत. पण तें पाणी पूर्णेवाटे सिद्धेश्वराकडे, आणि तेथून कालव्यानें खालच्या मुलखाला जातें. धरणाच्या पाठीमागच्या डोंगरांतलें गांव उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतें. गंगाखेड व पालमच्या बालाघाटाकडील गांवांची गत अशीच. जिल्ह्याची सरासरी काढली कीं कालव्याच्या कडेचा ऊस आणि डोंगरावरची करपलेली तूर एका आंकड्यांत मिसळून जातात, आणि डोंगरावरचा माणूस कागदावरून नाहींसा होतो. सरासरीनें नदी ओलांडणारा बुडतो, असें म्हणतात तें यासाठींच. जिनिव्हाच्या कचेरींत देशांची देवघेव मोजून आलेल्या माणसानें जिंतूरचें शेत दिसेल एवढें बारीक माप सुचविलें, त्याबद्दल त्याचा गौरव करण्यास आम्हांस संकोच नाहीं.

परंतु याच मापावर विदर्भ-मराठवाड्यांतून मोठा आक्षेप आला. आक्षेप असा कीं, तालुका धरला म्हणजे पश्चिम महाराष्ट्रांतले कोरडे तालुकेही यादींत येतात. मग मराठवाड्याचा म्हणून जो अनुशेष आहे तो वांटणींत विरून जाईल. या आक्षेपांत तथ्य आहे. पण तो मांडतांना कांहीं पुढाऱ्यांच्या तोंडीं जी भाषा आली ती आम्हांस पसंत नाहीं. साताऱ्याच्या माण-खटावचा धनगर आणि कुणबी हा आपला शत्रू नव्हे. तोही आपल्यासारखाच आभाळाकडे पाहून पेरतो. त्याच्या वाट्याचें पाणी आपण मागत नाहीं. आपलें भांडण पाणी अडवून बसलेल्यांशीं आहे, मग ते कोठलेही असोत. आपल्याच जिल्ह्यांत कालव्याला चोरून मोटार लावणारेही त्यांत आले. म्हणून आमचें मत असें: मराठवाडा या विभागाचा एकूण हिशेब स्वतंत्र राहावा, आणि त्या हिशेबाच्या आंत वांटणी तालुक्याच्या मापानें व्हावी. दोन मापें एकमेकांच्या विरुद्ध नाहींत. एक माप वाड्याचें आणि दुसरें खोलीचें.

आतां या अहवालाचें काय झालें तें पाहा. तो विधिमंडळापुढें यायलाच चवदा महिने लागले. डिसेंबर २०१४ उजाडला. चर्चा झाली, आरडाओरड झाली. पुढें ३० एप्रिल २०२० रोजीं विकास मंडळांचीच मुदत संपली आणि मोजणाऱ्याची चावडीच बंद पडली. दोन वर्षांवर काळ गेल्यानंतर, २०२२ मध्यें, तीं मंडळें पुन्हां उभीं करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें केला. एवढ्या खटाटोपांत जिंतूरच्या डोंगरावर केळकरांच्या मापानें वाटलेला पाण्याचा थेंब पोंचल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

वाचकहो, येथें थोडें थांबून विचार करा. माणूस एकच, विद्या एकच, लेखणी एकच. डिझेल महाग करा असें त्या लेखणीनें लिहिलें, तें सुमारें दोन वर्षांत झालें. एकच कर आणा असें लिहिलें, त्याला तेरा वर्षें लागलीं, पण सारीं सरकारें त्यामागें लागून तें झालें. मराठवाड्याच्या तालुक्यांना मोजून त्यांचा वांटा द्या असें लिहिलें, तें मात्र कपाटांत गेलें. पहिल्या दोन सूचनांनीं तिजोरीचा आणि मोठ्या व्यापाराचा फायदा होता. त्यांना पाठीराखे होते. तिसऱ्या सूचनेनें ज्याचा फायदा होता, तो माणूस अहवाल वाचीत नव्हता. म्हणून आम्ही म्हणतों कीं, नुसता चांगला अर्थशास्त्री मिळून भागत नाहीं. त्याचा अहवाल हातांत धरून सरकारच्या दारांत बसणारे लोक पाहिजेत. शहाण्यानें लिहावें आणि मालकानें वसूल करावें. मालकच झोंपला तर शहाण्याचें लिहिणें वाळवीला खाऊ.

आणि लिहिणाऱ्यांतही आपलीं माणसें पाहिजेत. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हां त्यांच्यापाशीं कोणत्याही विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी नव्हती. पण शेतकऱ्याच्या घरांतून पैसा कोणकोणत्या वाटेनें बाहेर जातो याचा हिशेब त्यांनीं मांडला. सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९१८ सालींच लहान शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला, १९२३ सालीं लंडनला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून पदवी मिळविली, आणि १९४२ ते १९४६ या काळांत दिल्लीच्या मंत्रिमंडळांत मजूर खातें सांभाळलें. म्हणजे ही विद्या आपल्या लोकांना परकी आहे, हें म्हणणें निव्वळ खोटें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, तेथें शेतीचें अर्थशास्त्र शिकवितात. आपली हुशार मुलगी किंवा मुलगा डॉक्टर-इंजिनियरच्या शर्यतींत चार गुणांनीं मागें पडला कीं आपण रडत बसतों. त्याला गणित आणि अर्थशास्त्र शिकवा. ज्यानें लहानपणीं बापाबरोबर मोंढ्यांत जाऊन मातेऱ्याची कपात पाहिली आहे, ज्या मुलीनें आईच्या बचतगटाची वही लिहिली आहे, तीं पोरें उद्यां जकातीच्या कचेरींत बसलीं तर वेचणीच्या महिन्यांत जकात उठवितांना त्यांचा हात क्षणभर तरी थांबेल.

आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक तालुक्याला रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना यांसाठीं वर्षांत किती मिळालें आणि किती मिळायला हवें होतें, याचा मराठींत छापलेला हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. विकास मंडळांवर पुढाऱ्यांचे मेव्हणे नकोत. कोरडवाहू शेतकरी, कारागीर आणि मजूर बाया पाहिजेत. खुरप्याच्या लोखंडावरचा आणि फवाऱ्याच्या औषधावरचा कर कमी झाला पाहिजे किंवा परत मिळाला पाहिजे. आणि परदेशी कापसाची जकात उठविण्याचा प्रश्न वेचणीच्या हंगामांत काढूं नये.

हें सारें दिल्ली-मुंबईस कोणी सांगावें, असा प्रश्न कोणी करील. तुम्हीच सांगावें. येत्या १ मेच्या ग्रामसभेंत प्रत्येक गांवांत एकानें उठून एवढाच प्रश्न विचारावा: केळकर समितीच्या मापानें आमच्या तालुक्याचा वांटा किती, आणि त्यांतला आला किती? उत्तर मिळालें तर तें लिहून घ्या. मिळालें नाहीं तर तेंही तारखेसह लिहून घ्या, दहा जणांच्या सह्या करा, आणि तो कागद आपल्या आमदाराच्या हातीं द्या.